भीतीचे राजकारण आणि पत्रकारिता : मॅकार्थी पर्वाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत १९५० ते १९५४ या काळात सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी कम्युनिस्टविरोधाची जी वावटळ उठवली, तिच्यात पत्रकारितेने काय केले आणि काय केले नाही, याविषयी पत्रकारितेचे विद्यार्थी, शिक्षक आणि जिज्ञासू वाचक पुन्हा पुन्हा जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. हा काळ बहुधा एडवर्ड मर्रो या दूरचित्रवाणी पत्रकाराच्या एका धाडसी कार्यक्रमाची गोष्ट म्हणून सांगितला जातो. प्रत्यक्षात तो चार वर्षांच्या संथ, कंटाळवाण्या आणि बऱ्याचदा फसलेल्या शहानिशेचा इतिहास आहे, आणि पुढील उत्तरांचा रोखही तिकडेच आहे.

मॅकार्थी कोण होते आणि हे प्रकरण सुरू कसे झाले?

मॅकार्थी हे विस्कॉन्सिन राज्यातून १९४६ साली निवडून आलेले रिपब्लिकन पक्षाचे सिनेटर होते. पहिली तीन वर्षे त्यांची फारशी दखल कोणी घेतली नव्हती. ९ फेब्रुवारी १९५० रोजी वेस्ट व्हर्जिनियातील व्हीलिंग या गावी, लिंकन जयंतीनिमित्त स्थानिक रिपब्लिकन महिला मंडळाने भरवलेल्या सभेत त्यांनी भाषण केले. परराष्ट्र खात्यात काम करणाऱ्या २०५ जणांची यादी आपल्या हातात असून ते कम्युनिस्ट असल्याचे परराष्ट्रमंत्र्यांना ठाऊक आहे, असे ते म्हणाल्याचे गावातील वृत्तपत्राने छापले. वृत्तसंस्थेने ती बातमी तारेने पुढे पाठवली आणि पुढच्या काही दिवसांत मॅकार्थी यांचे नाव देशभर झाले.

लोकांच्या भीतीला काही आधार होता का, की सगळा बागुलबुवाच होता?

आधार होता, आणि हे मान्य केल्याशिवाय त्या काळाचा उलगडा होत नाही. ऑगस्ट १९४९ मध्ये सोव्हिएत संघाने अणुबॉम्बची चाचणी केली. ऑक्टोबरमध्ये चीनमध्ये कम्युनिस्ट राजवट आली. जानेवारी १९५० मध्ये परराष्ट्र खात्यातील माजी अधिकारी अल्जर हिस खोटी साक्ष दिल्याबद्दल दोषी ठरले आणि व्हीलिंगच्या भाषणाच्या अवघा एक आठवडा आधी क्लाउस फुक्स या अणुशास्त्रज्ञाला हेरगिरीच्या आरोपाखाली लंडनमध्ये अटक झाली. जूनमध्ये कोरियाचे युद्ध पेटले. सोव्हिएत हेरांचे जाळे खरोखरच अस्तित्वात होते, हे पुढे १९९५ साली अमेरिकी सरकारने खुल्या केलेल्या सांकेतिक संदेशांवरूनही स्पष्ट झाले.

मॅकार्थी यांनी या खऱ्या धोक्याचा उपयोग वेगळ्याच कामासाठी केला. साप साप म्हणून भुई धोपटण्याचा हा प्रकार होता. एवढ्या गाजावाजानंतर त्यांच्या चौकशांतून एकही हेर न्यायालयात दोषी ठरला नाही. ज्यांच्या नोकऱ्या गेल्या, ज्यांची नावे वृत्तपत्रांत झळकली, त्यांतील बहुसंख्यांचा दोष कधी कोणत्या सभेला हजर राहण्याचा, कोणत्या मासिकाची वर्गणी भरण्याचा किंवा चुकीच्या माणसाशी मैत्री असण्याचा होता. मॅकार्थी यांच्या आधीच, मार्च १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी सरकारी नोकरांच्या निष्ठेची तपासणी सुरू करणारा आदेश काढला होता, ही गोष्टही विसरली जाते. संशयाला सरकारी शिक्का आधीच मिळालेला होता.

२०५ हा आकडा आला कुठून?

हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा फार महत्त्वाचा आहे, कारण त्याचे उत्तर साध्या वजाबाकीत सापडते आणि ती वजाबाकी त्या आठवड्यात फारच थोड्या बातमीदारांनी केली.

१९४६ साली तत्कालीन परराष्ट्रमंत्री जेम्स बर्न्स यांनी एका लोकप्रतिनिधीला पत्र लिहून कळवले होते की, युद्धकाळातील इतर कार्यालयांतून खात्यात आलेल्या सुमारे तीन हजार कर्मचाऱ्यांची छाननी झाली असून त्यांपैकी २८४ जणांना कायम करू नये अशी शिफारस आहे आणि त्यांतील ७९ जणांना सेवेतून कमी करण्यात आले आहे. २८४ मधून ७९ वजा केले की २०५ उरतात. त्या पत्रात एकही नाव नव्हते, प्रतिकूल शेऱ्यांची कारणे निरनिराळी होती, आणि ते पत्र चार वर्षे जुने असल्यामुळे त्यांतील किती जण १९५० मध्ये खात्यात उरले होते हे त्यावरून कळण्याची सोयच नव्हती. म्हणजे हातात यादी नव्हती, होती ती फक्त एक बाकी.

पुढच्या दोनच दिवसांत आकडा ५७ वर आला. तोही १९४८ सालच्या एका जुन्या संसदीय तपासणीतला होता, ज्यात १०८ प्रकरणांपैकी ५७ व्यक्ती अजून नोकरीत असल्याची नोंद होती. २० फेब्रुवारीला सिनेटमध्ये भाषण करताना त्यांनी ८१ प्रकरणे मांडली. आकडा असा दर मुक्कामाला बदलत असताना खरे तर बातमी आकडा बदलला ही होती. मथळ्यांत मात्र प्रत्येक वेळी ताजा आकडा तेवढा चढला.

वृत्तपत्रांनी खोटे छापले का?

बहुतेकांनी खोटे छापले नाही, आणि सगळी अडचण नेमकी तेथेच आहे. मॅकार्थी जे बोलले ते त्यांनी अचूक छापले. त्या वेळच्या अमेरिकी वृत्तसंस्थांचा दंडक असा होता की, सिनेटर काही बोलला की ती बातमी. बातमीदाराने ती जशीच्या तशी द्यावी, स्वतःचे मत घालू नये, आणि ज्याच्यावर आरोप झाला त्याचा खुलासा मिळाला तर तोही द्यावा. हा दंडक सामान्य परिस्थितीत उत्तम आहे, कारण तो बातमीदाराच्या लहरीला लगाम घालतो. परंतु उचलली जीभ लावली टाळ्याला अशा वृत्तीचा माणूस सत्तेच्या खुर्चीत बसला, तर हाच दंडक त्याचा भोंगा बनतो.

मॅकार्थी यांना वृत्तपत्रांची वेळापत्रके तोंडपाठ होती. दुपारच्या आवृत्त्यांची वेळ संपत आली की ते आरोप करीत, म्हणजे ज्याच्यावर आरोप झाला त्याला गाठून खुलासा घ्यायला सवडच उरू नये. सकाळी पत्रकारांना बोलावून ‘दुपारी एक महत्त्वाची घोषणा करणार आहे’ एवढेच सांगायचे, आणि दुपारी येऊन ‘साक्षीदार अजून हाती लागलेला नाही’ म्हणायचे, ही त्यांची खास युक्ती होती. सकाळच्या बोलण्यावर एक मथळा, दुपारच्या बोलण्यावर दुसरा. मधे घडलेले काहीच नाही. तीन वृत्तसंस्था परस्परांशी मिनिटांच्या हिशेबाने स्पर्धा करीत होत्या, त्यामुळे ‘आम्ही आधी पडताळून पाहू’ असे म्हणणाऱ्या बातमीदाराची बातमी दुसरीकडे आधी छापून येई आणि संपादक त्यालाच जाब विचारी.

यात कायद्याचीही एक बाजू होती. सिनेटच्या सभागृहात केलेल्या विधानाबद्दल सदस्यावर अब्रुनुकसानीचा दावा करता येत नाही आणि ते विधान प्रामाणिकपणे छापणाऱ्या वृत्तपत्रालाही संरक्षण मिळते. आरोप छापणे सुरक्षित होते, आरोप तपासणे मात्र खर्चिक आणि धोक्याचे होते. आरोप पहिल्या पानावर आणि खुलासा चार दिवसांनी आतल्या पानावर हा क्रम त्यातूनच रूढ झाला.

मग वस्तुनिष्ठता हेच चुकीचे तत्त्व म्हणायचे का?

तसे म्हणता येणार नाही. चुकीचा होता तो वस्तुनिष्ठतेचा आळशी अर्थ. ‘ते असे म्हणाले’ हे वाक्य खरे असल्याने ते जे म्हणाले ते खरे ठरत नाही, आणि वाचकाला दुसऱ्या गोष्टीत रस असतो.

विस्कॉन्सिनमधील ‘मिलवॉकी जर्नल’ या दैनिकाने यावर एक साधा उपाय शोधला. मॅकार्थी यांच्या भाषणाची बातमी देताना त्यांचे विधान संपले की लगेच तेथेच, त्याच परिच्छेदात, कंसात वस्तुस्थिती द्यायची. सिनेटर म्हणतात की अमुक अधिकारी अमुक संघटनेचा सदस्य होता. कंसात लिहायचे की संबंधित समितीने या आरोपाची चौकशी करून तो फेटाळला आहे. अग्रलेखात टीका करण्यापेक्षा ही पद्धत अधिक परिणामकारक होती असे माझे मत आहे, कारण अग्रलेख वाचणारे थोडे असतात आणि ते बहुधा आधीपासूनच संपादकाच्या मताचे असतात. या पद्धतीसाठी मॅकार्थी यांच्या मागील विधानांची कात्रणे तारीखवार लावलेली असावी लागत आणि ती चाळणारा माणूस कार्यालयात रात्री हजर असावा लागे. मॅकार्थी यांनी या दैनिकावर कम्युनिस्ट मुखपत्र असल्याचा शिक्का मारला आणि त्याला जाहिराती देऊ नयेत असे व्यापाऱ्यांना सुचवले.

एवढे करूनही १९५२ साली मॅकार्थी त्याच राज्यातून पुन्हा निवडून आले, हेही येथेच नोंदवायला हवे.

एडवर्ड मर्रो यांच्याआधी कोणी आवाज उठवलाच नव्हता का?

उठवला होता, आणि बऱ्याच आधी. ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे व्यंगचित्रकार हर्बर्ट ब्लॉक यांनी २९ मार्च १९५० च्या अंकात, म्हणजे व्हीलिंगच्या भाषणानंतर सात आठवड्यांच्या आत, ‘मॅकार्थीझम’ हा शब्द डांबराच्या पिंपावर लिहून वाचकांसमोर ठेवला आणि तो कायमचा रूढ झाला. स्तंभलेखक ड्र्यू पिअर्सन यांनी मॅकार्थी यांच्या आरोपांची आणि त्यांच्या आर्थिक व्यवहारांची चिकित्सा सातत्याने केली. जानेवारी १९५३ मध्ये आय. एफ. स्टोन यांनी सुमारे पाच हजार वर्गणीदारांच्या बळावर स्वतःचे चार पानी साप्ताहिक सुरू केले. पत्रकार परिषदांच्या मागे धावण्यापेक्षा सरकारी अहवाल, सुनावण्यांची इतिवृत्ते आणि छापील कागद बारकाईने वाचून त्यातील विसंगती दाखवणे ही त्यांची रीत होती.

राजकारण्यांमध्ये सिनेटर मार्गारेट चेस स्मिथ यांनी १ जून १९५० रोजी, स्वतः रिपब्लिकन असूनही, सभागृहात आपल्याच पक्षाला बजावले की भीती, अज्ञान, धर्मांधता आणि बदनामी यांच्या खांद्यावर बसून निवडणूक जिंकू नये. त्यांच्या निवेदनावर केवळ सहा सहकाऱ्यांनी सह्या केल्या.

मला यातील सर्वांत बोलके उदाहरण मॅडिसन येथील ‘कॅपिटल टाइम्स’ या दैनिकाचे वाटते. ४ जुलै १९५१ रोजी, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, त्या दैनिकाचा एक बातमीदार एक अर्ज घेऊन सार्वजनिक उद्यानात गेला. अर्जात स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातील आणि राज्यघटनेतील मूलभूत हक्कांच्या तरतुदींमधील वाक्ये होती, दुसरे काहीही नव्हते. सुट्टीसाठी आलेल्या ११२ जणांना त्याने सही करण्याची विनंती केली आणि फक्त एकाने सही केली. कित्येकांनी तो स्वतःच कम्युनिस्ट असल्याचा संशय बोलून दाखवला. एरवी ‘समाजात भीतीचे वातावरण आहे’ असे गोलमाल वाक्य लिहून बातमीदार मोकळा झाला असता. येथे भीती मोजली गेली, आणि तीही ज्या कागदाच्या नावाने सुट्टी होती त्याच कागदाच्या भीतीच्या रूपाने.

असे लिहिणाऱ्यांना कोणती किंमत मोजावी लागली?

डिसेंबर १९५० मध्ये वॉशिंग्टनमधील एका क्लबात मॅकार्थी यांनी पिअर्सन यांच्यावर हात टाकला. त्याहून जिव्हारी लागला तो आर्थिक घाव. पिअर्सन यांच्या रेडिओ कार्यक्रमाची प्रायोजक असलेल्या टोप्यांच्या कंपनीवर बहिष्कार टाकावा, असे मॅकार्थी यांनी सिनेटमधील भाषणातून सुचवले, आणि लवकरच तो प्रायोजक गेला. ‘न्यूयॉर्क पोस्ट’चे संपादक जेम्स वेक्स्लर यांना १९५३ मध्ये मॅकार्थी अध्यक्ष असलेल्या सिनेटच्या चौकशी उपसमितीपुढे हजर व्हावे लागले. निमित्त त्यांच्या विद्यार्थिदशेतील कम्युनिस्ट युवक संघटनेच्या सदस्यत्वाचे होते, जे त्यांनी १९३७ सालीच सोडून दिले होते आणि ज्याविषयी त्यांनी काही लपवलेही नव्हते. प्रश्न मात्र त्यांच्या दैनिकातील अग्रलेखांविषयीही विचारले गेले. हा वृत्तपत्रस्वातंत्र्यावरील घाला आहे की नाही, यावर संपादकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या समितीत एकमत होऊ शकले नाही. भीतीचा पुरावा म्हणून हे मतभेद पुरेसे आहेत.

दूरचित्रवाणी आणि रेडिओ कंपन्यांची अवस्था याहून वाईट होती. जून १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका खासगी पुस्तिकेत रेडिओ-दूरचित्रवाणी क्षेत्रातील १५१ कलावंत, लेखक आणि निवेदकांची नावे संशयित म्हणून छापली गेली आणि त्यांना काम मिळेनासे झाले. सीबीएस कंपनीने डिसेंबर १९५० मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांकडून निष्ठेची प्रश्नावली भरून घेतली. पुढे ज्यांचे नाव या लढ्याशी कायमचे जोडले गेले त्या एडवर्ड मर्रो यांनीही ती निमूटपणे भरून दिली. बलाढ्य माणसेही सुटली नाहीत. १९५२ च्या निवडणूक प्रचारात रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार आयसेनहॉवर यांनी आपले जुने वरिष्ठ जनरल मार्शल यांच्या बचावाचा परिच्छेद मिलवॉकीतील भाषणातून काढून टाकला, कारण मॅकार्थी यांनी मार्शल यांच्यावर आधीच तोफ डागलेली होती.

रादुलोविच प्रकरण काय होते आणि त्याला एवढे महत्त्व का दिले जाते?

मायलो रादुलोविच हे हवाई दलाच्या राखीव तुकडीतील लेफ्टनंट होते. ते मिशिगन राज्यातील डेक्स्टर या छोट्या गावात राहत आणि विद्यापीठात शिकत होते. १९५३ मध्ये त्यांना सुरक्षेच्या दृष्टीने धोकादायक ठरवून दलातून बाहेर पडण्यास सांगण्यात आले. त्यांच्या स्वतःच्या निष्ठेविषयी कोणाचीही तक्रार नव्हती. आक्षेप असा होता की, त्यांचे सर्बियातून आलेले वडील मातृभाषेतील एक डावे वृत्तपत्र वाचतात आणि बहीण डाव्या विचारांची आहे. अशांशी लेफ्टनंटसाहेबांनी ‘निकटचे संबंध’ ठेवले आहेत. सुनावणीत हवाई दलाने एक बंद पाकीट पुढे केले. त्यात पुरावा आहे असे सांगण्यात आले, परंतु ते पाकीट ना रादुलोविच यांच्यासमोर उघडले गेले, ना त्यांच्या वकिलासमोर.

ही बातमी प्रथम ‘डेट्रॉइट न्यूज’ या स्थानिक दैनिकाने दिली. मर्रो आणि त्यांचे निर्माते फ्रेड फ्रेंडली यांनी ती तेथून उचलली आणि २० ऑक्टोबर १९५३ रोजी ‘सी इट नाऊ’ या आपल्या कार्यक्रमात अर्धा तास याच एका माणसाला दिला. सीबीएसने कार्यक्रमाची जाहिरात करण्यास नकार दिल्यामुळे दोघांनी पदरचे पंधराशे डॉलर खर्चून ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये जाहिरात छापली, तिच्यावर कंपनीचे बोधचिन्हही नव्हते.

कार्यक्रमात कोणीही भाषण ठोकले नाही. रादुलोविच बोलले, त्यांचे वृद्ध वडील मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलले, बहीण बोलली, गावातील लोक बोलले. वडिलांनी राष्ट्राध्यक्षांना लिहिलेले पत्र वाचून दाखवण्यात आले, ज्यात त्यांनी स्वतःसाठी काहीही न मागता मुलासाठी फक्त न्याय मागितला होता. हवाई दलाला बाजू मांडण्याची संधी दिली गेली होती आणि त्यांनी ती नाकारली होती, हेही प्रेक्षकांना सांगण्यात आले. पाच आठवड्यांनी, २४ नोव्हेंबरला, हवाई दलाचे मंत्री हॅरल्ड टॅलबट यांनी त्याच कार्यक्रमात येऊन रादुलोविच यांना दलात ठेवल्याचे जाहीर केले.

या कार्यक्रमात मॅकार्थी यांचा काहीही संबंध नव्हता. हवाई दलाच्या त्या निर्णयामागे त्यांचा हात नव्हता. संशयाची यंत्रणा त्यांच्याशिवायही चालू लागली होती. म्हणूनच माझ्या मते हा कार्यक्रम पुढच्या गाजलेल्या कार्यक्रमापेक्षा अधिक मोलाचा आहे.

९ मार्च १९५४ च्या कार्यक्रमात नेमके काय दाखवले गेले?

जवळजवळ सगळा वेळ मॅकार्थी स्वतःच बोलत होते. मर्रो आणि फ्रेंडली यांच्या चमूने त्यांच्या भाषणांच्या आणि सुनावण्यांच्या चित्रफिती महिनोन्‌महिने जमवल्या होत्या. पडद्यावर एक विधान यायचे आणि त्यानंतर मर्रो शांतपणे वस्तुस्थिती सांगायचे. ‘मिलवॉकी जर्नल’च्या कंसाला येथे आवाज मिळाला होता.

रीड हॅरिस यांच्या साक्षीचा भाग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. हॅरिस हे सरकारी रेडिओ सेवेतील अधिकारी होते आणि मॅकार्थी त्यांना १९३२ साली, विद्यार्थिदशा नुकतीच सरली असताना लिहिलेल्या पुस्तकावरून छेडत होते. त्या वर्षी विद्यापीठाने त्यांना निलंबित केले तेव्हा नागरी स्वातंत्र्य संघटनेने त्यांना वकील दिला होता. ही संघटना कम्युनिस्टांची हस्तक म्हणून यादीत नोंदलेली आहे हे तुम्हाला माहीत आहे ना, असे मॅकार्थी यांनी विचारले. चित्रफीत थांबल्यावर मर्रो यांनी सांगितले की अ‍ॅटर्नी जनरलच्या यादीत ही संघटना नाही आणि कधीही नव्हती, एफबीआयच्या किंवा अन्य कोणत्याही केंद्रीय यंत्रणेच्या यादीतही ती नाही. सुनावणीच्या खोलीत हे वाक्य कोणीही उच्चारले नव्हते आणि दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत ते शोधूनही सापडले नसते.

शेवटच्या काही मिनिटांत मर्रो यांनी स्वतःचे मत मांडले. मतभेद म्हणजे द्रोह नव्हे, आरोप म्हणजे पुरावा नव्हे, आणि आपण एकमेकांच्या भीतीने वावरणार नाही, असा त्याचा आशय होता. ही भीती मॅकार्थी यांनी निर्माण केलेली नाही, त्यांनी तिचा फक्त यशस्वी वापर केला, असेही ते म्हणाले. कार्यक्रमानंतर आलेल्या तारा आणि दूरध्वनी बहुसंख्येने मर्रो यांच्या बाजूचे होते.

तो कार्यक्रम एकतर्फी नव्हता का?

होता, आणि ही टीका केवळ मॅकार्थी यांच्या चाहत्यांनी केली असे नाही. कोणते क्षण निवडायचे हे मर्रो यांच्या हातात होते, आणि मॅकार्थी यांचे विचित्र हसणे पडद्यावर आणण्याला पुरावा म्हणता येत नाही. समीक्षक गिल्बर्ट सेल्डेस हे मॅकार्थी यांचे विरोधक होते, तरीही त्यांनी विचारले की हीच हत्यारे उद्या दुसऱ्या कोणाच्या हातात पडली तर काय. मर्रो यांनी मॅकार्थी यांना उत्तरासाठी तेवढाच वेळ देऊ केला होता. ६ एप्रिलला आलेल्या त्या उत्तरात मॅकार्थी यांनी कार्यक्रमातील एकाही मुद्द्याला हात न घालता मर्रो यांनाच कोल्ह्यांच्या टोळीचा म्होरक्या ठरवले. सेल्डेस यांच्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मात्र त्या कार्यक्रमात नव्हते आणि आजही ते सोपे नाही.

अ‍ॅनी ली मॉस निर्दोष होत्या का?

पेंटागॉनमधील सांकेतिक संदेश विभागात काम करणाऱ्या या कृष्णवर्णीय महिलेच्या सुनावणीवर मर्रो यांनी पुढच्याच आठवड्यात कार्यक्रम केला. गुप्त माहितीच्या आधारे आरोप होत होते आणि आरोप करणारी व्यक्ती समोर येत नव्हती, यावर सिनेटर मॅक्लेलन यांनी तेथेच आक्षेप घेतला आणि प्रेक्षकांची सहानुभूती मॉस यांच्याकडे गेली. पुढे १९५८ मध्ये एका सरकारी मंडळाने पक्षाच्या जुन्या नोंदींत हे नाव आणि पत्ता आढळल्याचे नमूद केले, आणि तेव्हापासून वाद चालू आहे. पत्रकाराच्या दृष्टीने पाहिले तर कार्यक्रमाचा भक्कम भाग प्रक्रियेविषयीचा होता. त्यातून निर्दोषत्वाची जी छाप पडली ती कार्यक्रमाच्या हाती असलेल्या माहितीपेक्षा मोठी होती.

मॅकार्थी यांचा पाडाव मर्रो यांनी केला असे म्हणता येईल का?

नाही. स्वतः मर्रो यांनाही ते मान्य नव्हते. जानेवारी १९५४ च्या गॅलप संस्थेच्या जनमत पाहणीत ५० टक्के लोकांचे मॅकार्थी यांच्याविषयी अनुकूल आणि २९ टक्क्यांचे प्रतिकूल मत होते. जूनमध्ये हे प्रमाण ३४ आणि ४५ झाले. मधल्या काळात बरेच काही घडले. मॅकार्थी यांनी लष्कराशीच वैर घेतले, आयसेनहॉवर यांचे प्रशासन त्यांच्या विरोधात गेले, आणि २२ एप्रिल ते १७ जून या काळात लष्कर विरुद्ध मॅकार्थी ही सुनावणी दूरचित्रवाणीवरून अथपासून इतिपर्यंत दाखवली गेली. मोठ्या वाहिन्यांनी दिवसाचे किफायतशीर कार्यक्रम सोडण्यास नकार दिला. पूर्ण प्रक्षेपण केले ते एबीसी आणि ड्यूमाँट या दुबळ्या वाहिन्यांनी, ज्यांच्याकडे दिवसा दाखवायला फारसे काही नव्हते.

मथळ्यातून ओळखीचा झालेला माणूस लोकांनी तेव्हा तासन्‌तास, न कापता, पाहिला. ९ जूनला लष्कराचे वकील जोसेफ वेल्च यांच्या कार्यालयातील एका तरुण वकिलाचे नाव मॅकार्थी यांनी विनाकारण ओढले आणि वेल्च यांनी त्यांना काही सभ्यता शिल्लक आहे की नाही असे विचारले, तेव्हा प्रेक्षागारात टाळ्या पडल्या. २ डिसेंबर १९५४ रोजी सिनेटने ६७ विरुद्ध २२ मतांनी निंदाव्यंजक ठराव केला. उपस्थित रिपब्लिकन सदस्य बरोबर निम्मे निम्मे विभागले गेले होते. त्यानंतर बातमीदारांनी मॅकार्थी यांच्याकडे पाठ फिरवली. २ मे १९५७ रोजी त्यांचे निधन झाले. चार वर्षे त्यांचा शब्दन्‌शब्द टिपणाऱ्यांनी नंतर त्यांची पत्रके न वाचताच टोपलीत टाकली, यालाही चांगली पत्रकारिता म्हणवत नाही.

आणीबाणीशी या काळाची तुलना करता येते का?

मराठी वाचकांकडून हा प्रश्न हमखास येतो. मुख्य फरक असा की, जून १९७५ नंतर भारतात सेन्सॉरशिप कायद्याने लादली गेली होती. दिल्लीत छापखान्यांची वीज तोडण्यात आली आणि मजकूर अधिकाऱ्याकडून मंजूर करून घेणे सक्तीचे झाले. पुण्याच्या ‘साधना’ साप्ताहिकाला जप्तीला तोंड द्यावे लागले. मॅकार्थी यांच्या काळात अमेरिकेत एकाही वृत्तपत्रावर सेन्सॉर बसला नाही. गप्प बसण्याचे काम मालक, प्रायोजक आणि संपादक यांनीच एकमेकांकडे बघून उरकले.

लादलेल्या सेन्सॉरशिपशी निदान न्यायालयात भांडता येते. मिनू मसानी यांनी ‘फ्रीडम फर्स्ट’ या मुंबईतील नियतकालिकातील अकरा मजकुरांवर आलेल्या बंदीला आव्हान दिले आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये, ऐन आणीबाणीत, मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. सगळ्या वृत्तपत्रांना एका सुरात बोलायला लावणे हे सेन्सॉरचे काम नाही, असे न्यायमूर्ती मदन आणि कानिया यांनी स्पष्ट केले. स्वतःहून पत्करलेल्या मौनाविरुद्ध मात्र कोणत्या न्यायालयात दाद मागणार?

मॅकार्थी गेल्यावर भीती संपली का?

लगेच संपली नाही. १९५५-५६ मध्ये सिनेटच्या दुसऱ्या एका उपसमितीने वृत्तपत्रांतील कर्मचाऱ्यांची चौकशी आरंभली, तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने एकीकडे स्वातंत्र्याचा कडक अग्रलेख लिहिला आणि दुसरीकडे समितीपुढे उत्तर देण्यास नकार देणाऱ्या आपल्या काही कर्मचाऱ्यांना कामावरून काढून टाकले. मर्रो यांच्या कार्यक्रमाची प्रायोजक अ‍ॅल्युमिनियम कंपनी १९५५ मध्ये बाजूला झाली आणि १९५८ मध्ये कार्यक्रम बंद पडला.

मनोरंजन क्षेत्रातील काळ्या यादीला खरा तडा गेला तो न्यायालयात. सीबीएसचे रेडिओ निवेदक जॉन हेन्री फॉक यांचे नाव अशा याद्या पुरवणाऱ्या एका खासगी संस्थेने पत्रकात छापले आणि १९५७ मध्ये त्यांची नोकरी गेली. त्यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला, तेव्हा वकिलाची आगाऊ रक्कम भरायला त्यांच्याकडे पैसे नव्हते. मर्रो यांनी साडेसात हजार डॉलर दिले. खटला सुनावणीस येऊन निकाल लागायला जून १९६२ उजाडला. ज्यूरीने फॉक यांना पस्तीस लाख डॉलर भरपाई मंजूर केली, जी अपिलात बरीच कमी झाली. आपल्या पत्रकातील विधाने खरी आहेत हे आरोप करणाऱ्यांना त्या खटल्यात सिद्ध करता आले नाही.